कागदावरचे बोरीबंदर

व्ही.टी. स्टेशनवरून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून, आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी गाडी पकडलेली आहे. कित्येकांचे तर सारे आयुष्य त्याच फलाटावर उतरण्यात आणि त्याच फलाटावरून परतण्यात गेले आहे. पण एक साधा प्रश्न विचारतो. त्या इमारतीच्या मधोमध जो मोठा घुमट दिसतो, त्याच्याखाली तुम्ही कधी उभे राहिला आहात का?

बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असेच येईल, आणि त्यात आपली काही चूक नाही. घुमटाखाली तिकीट मिळत नाही, गाडी लागत नाही, चहादेखील मिळत नाही. तिथे आहे एक भव्य दगडी जिना, आणि तो जातो रेल्वेच्या कचेऱ्यांकडे. मुंबईचे चित्र म्हणून जी इमारत जगभरच्या टपालकार्डांवर गेली, ती मुळात स्टेशन नाहीच. ते ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जी.आय.पी. कंपनीचे मुख्य कार्यालय होते. गाड्या त्याच्या कुशीला, बाजूच्या लांबलचक शेडमध्ये उभ्या राहतात. इमारत बाहेरून पाहून हे उमगत नाही. कागदावरचा तळमजल्याचा नकाशा समोर घेतला की मात्र क्षणात कळते.

म्हणून आज त्या इमारतीपेक्षा तिच्या कागदांविषयी बोलायचे आहे. दगडाआधी कागद असतो. आणि दीडशे वर्षांनी दगड झिजला, कुणी मध्येच भिंत घातली, कुणी सज्जा बुजवला, तर मूळचे काय होते हे सांगायलाही कागदच लागतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. एकवीस मैलांचा तो रस्ता. तेव्हाचे बोरीबंदर स्टेशन म्हणजे लाकडी बांधणीची एक साधी जागा होती. पुढच्या सतरा-अठरा वर्षांत चित्र पार पालटले. लोहमार्ग थळघाट आणि बोरघाट चढून गेला. १८७० मध्ये जबलपूरला कलकत्त्याकडून येणाऱ्या मार्गाशी त्याची गाठ पडली, १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या बाजूशी. आता विचार करा, हजारो मैलांवरून येणारी तिकिटे, मालाच्या पावत्या, कोळशाचे हिशेब, पगारपत्रके, अपघातांचे अहवाल हे सगळे मुंबईत गोळा व्हायचे. रेल्वे रुळांवर चालते हे खरे, पण ती चालवतात कारकून. त्या कारकुनांना बसायला जागा हवी होती.

ही जागा उभारायचे काम फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाकडे आले. जन्म १८४७, इंग्लंडमधल्या बाथ गावी उमेदवारी केलेली, आणि १८६७ साली, म्हणजे विशीत, सरकारी बांधकाम खात्याच्या नोकरीसाठी हिंदुस्थानात आलेला. अपोलो बंदराजवळचे खलाशांचे विश्रामगृह त्याने बांधले होते. आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. सरकारने त्याची सेवा रेल्वे कंपनीला उसनी दिली. काम हाती घेतल्यावर तो युरोपात जाऊन तिथली मोठी स्टेशने पाहून आला. १८७८ च्या मे महिन्यात बांधकाम सुरू झाले आणि १८८८ च्या मे महिन्यात संपले. दहा वर्षे! मधल्या काळात, १८८२ च्या पहिल्या दिवसापासून स्टेशनाचा वापर सुरूही झाला होता. व्हिक्टोरिया हे नाव तर आणखी नंतरचे. राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या १८८७ सालच्या समारंभात ते दिले गेले.

या इमारतीचे सर्वांत प्रसिद्ध रेखाटन आहे ते अ‍ॅक्सेल हेग या चित्रकाराचे. साल १८७८. म्हणजे इमारत अजून पायातच होती. हेग मूळचा स्वीडनचा, गॉटलंड बेटावरचा. तरुणपणी जहाजबांधणी शिकला, त्यासाठी ग्लासगोला आला, आणि तिथून वास्तुरचनेच्या रेखाटनांकडे वळला. इंग्लंडमधले मोठमोठे वास्तुविशारद आपल्या नियोजित इमारतींची चित्रे त्याच्याकडून काढून घेत. विल्यम बर्जेस हा त्यांच्यातला एक. याच बर्जेसने आपल्या जे. जे. कलाशाळेसाठी एक जबरदस्त आराखडा केला होता. तो कागदावरच राहिला, कारण तेवढा खर्च कुणाला परवडणार नव्हता.

हेगने जलरंगात आपली ही इमारत अशी रंगवली की पाहणाऱ्याला वाटावे ती उभी आहे, वापरात आहे, माणसे ये-जा करताहेत. पुढे हे चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात मांडले गेले. आज कुठल्याही मुंबईवरच्या जाडजूड पुस्तकात ते तुम्हाला सापडेल. अशा चित्राला यथादर्शन म्हणतात. रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्याला इमारत जशी दिसेल तशी ती काढायची. जवळचे मोठे, दूरचे लहान.

हे चित्र कशासाठी लागते? जी.आय.पी. कंपनीचे संचालक मंडळ बसायचे लंडनला. मुंबईत त्यांचा एजंट असे. भांडवल लावणारे भागधारक हजारो मैल दूर. त्यांच्यासमोर नुसता नकाशा ठेवला तर कुणाच्या डोळ्यांसमोर काय उभे राहणार? आपणही घर घेताना बिल्डरच्या माहितीपत्रकातले रंगीत चित्र आधी पाहतो. हिरवीगार झाडे, बाजूला उभी मोटार, आकाशात ढग. हेगचे चित्र दर्जाने फार वरचे, पण जातकुळी तीच. ते पटवण्यासाठी काढलेले चित्र आहे. त्यावरून इमारत बांधता येत नाही.

बांधता येते ती दुसऱ्या जातीच्या कागदांवरून. आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

त्या काळच्या कचेरीत हे काम कसे चाले ते पाहू. जाड कागद पाटावर ताणून बसवायचा. पेन्सिलीने रेघा, मग शाईने. त्यानंतर जलरंगाचा पातळ हात. पण रंग शोभेसाठी नव्हे, तर साहित्य ओळखण्यासाठी. विटांच्या कामाला गुलाबी-लाल, लोखंडाला निळसर, लाकडाला पिवळट किंवा तपकिरी. दर मजल्याचा वेगळा नकाशा, चारही बाजूंची दर्शनी आरेखने, आणि इमारत सुरीने उभी कापली तर आत कसे दिसेल ते दाखवणारे छेद. एका फुटाला इंचाचा आठवा भाग, अशा प्रमाणात काढायचे. मग मूळ कागद कपाटात आणि त्यावरून काढलेली नक्कल कामाच्या जागी. नक्कल काढायला खळ दिलेले, आरपार दिसणारे तलम कापड वापरत. त्याला ट्रेसिंग क्लॉथ म्हणत. जुन्या कचेऱ्यांत या कापडाची गुंडाळी आजही हाताला लागते. शंभर वर्षे झाली तरी घडीवर तुटत नाही, पण पाण्याचा थेंब पडला की त्याची खळ सुटते आणि रेघ गेलीच. सूर्यप्रकाशाने छापलेला निळा नकाशा, ज्यावरून ‘ब्लू प्रिंट’ हा शब्द आपल्या राजकारण्यांच्या भाषणात आला, तो या कापडाचाच पुढचा अवतार.

नकाशा कामावर गेला की पाथरवटाला तो पुरत नाही. त्याला कमानीचा प्रत्येक दगड खऱ्या मापाचा हवा. म्हणून मग मोठ्या फळ्यांवर किंवा जमिनीवर पूर्ण आकाराचे रेखाटन करायचे आणि त्यावरून दगड घडवण्यासाठी फर्मे कापायचे. कागदावरचा आठवा भाग इंच इथे सबंध फूट होतो. कागदावर केसभर चूक झाली असेल तर ती इथे बोटभर होते.

आता नकाशा काढतो कोण? स्टीव्हन्सच्या हाताखाली साहाय्यक अभियंता होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, आणि देखरेखीला होते एम. एम. जनार्दन. ही दोन नावे जुन्या नोंदींत आली, म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्या खाली ड्राफ्ट्समन आणि ट्रेसर यांची फळी असायची, आणि अशा कचेऱ्यांत एका ड्राफ्ट्समनची ओळख म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यातली दोन-तीन इंग्रजी आद्याक्षरे. हेगचे नाव चित्रावर झळकते. ज्यांच्या रेघांवरून खरोखर दगड रचला गेला ते आद्याक्षरांत उरतात.

दगडातल्या नक्षीकामाची कथाही अशीच. फाटकांच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ, एक ब्रिटनचा आणि दुसरा हिंदुस्थानचा, तसेच घुमटावरची हातात मशाल घेतलेली प्रगतीची मूर्ती, ही कामे टॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराची. पण खांबांच्या माथ्यावरची पाने-फुले, कमानींतले पक्षी, माकडे, मोर, भिंतींतून डोकावणारे चित्रविचित्र प्राणी? त्यांचे नमुने जे. जे. कलाशाळेत तयार झाले. लॉकवूड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स यांनी जिथे शिकवले, त्या शाळेतल्या गोमेझ नावाच्या शिक्षकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती केली. वास्तुविशारदाच्या नकाशात अशा ठिकाणी नुसता चौकोन किंवा ढोबळ आकार असतो. तिथे काय बसवायचे ते कलाशाळेतली मुले ठरवत, मातीत घडवत, आणि मग पाथरवट दगडात उतरवत. म्हणून तिथली पाने ही आपल्या अवतीभवतीची पाने वाटतात. पुढच्या वेळी गाडीला दहा मिनिटे उशीर असेल तर मोबाइल खिशात ठेवा आणि एखाद्या खांबाचा माथा निरखून पाहा.

दर्शनी भिंतीवर गोल पदकांमध्ये रेल्वेच्या कर्त्या पुरुषांचे मुखवटे आहेत. त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभॉय आहेत. नाना शंकरशेटांची पगडी साहेबांच्या डोक्यांमध्ये उठून दिसते. नाना वारले १८६५ मध्ये. रेल्वे यावी म्हणून त्यांनी केलेली खटपट सर्वज्ञात आहे, पण ही इमारत काही त्यांनी पाहिली नाही.

नकाशा सगळेच सांगतो असेही नाही. या इमारतीचा घुमट अष्टकोनी, दगडी फासळ्यांचा आहे. या फासळ्या एकमेकींत खाचेने अडकवल्या आहेत आणि खालून लाकडी आधार न देता तो घुमट चढवला गेला, याचे त्या काळी मोठे नवल वाटले होते. कमान बांधताना खाली लाकडी साचा उभारायचा आणि चुना धरला की काढायचा, ही नेहमीची रीत. इथे तसे नाही. छेदात ही फासळी कशी वळते ते दिसेल. पण अधांतरी टांगलेल्या परातीवर उभे राहून, एकेक दगड बसवताना, पुढचा दगड येईपर्यंत आधीचा कसा तोलून धरायचा हे कुठल्या कागदावर लिहिणार? ते गवंड्याच्या हातात होते आणि त्याच्याबरोबर गेले.

खर्चाचे कागदही नकाशांइतकेच बोलके असतात, पण नीट वाचावे लागतात. या कार्यालयाच्या बांधकामाला सोळा लाख रुपयांच्या आसपास खर्च आला. इंटरनेटवर मात्र बऱ्याच ठिकाणी हाच आकडा स्टीव्हन्सची फी म्हणून दिलेला आढळतो. सबंध इमारतीचा खर्च एकट्याच्या खिशात! कुणीतरी एकदा घाईत लिहिले आणि पुढच्यांनी उतरवून घेतले. मूळ कागद जवळ नसला की असे होते.

हिशेबाची एक गोष्ट सांगायलाच हवी. समोरची महानगरपालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच. तिचे कामही नकाशांच्या झुंजीतून आले. आधी मद्रासचे वास्तुविशारद रॉबर्ट चिझम यांचा देशी-इस्लामी वळणाचा आराखडा पसंत झाला होता. पण अखेर स्टीव्हन्सच्या कागदांना मान्यता मिळाली. १८९३ मध्ये काम पुरे झाले. आत लावलेल्या पाटीवर अंदाजपत्रक अकरा लाख अठ्ठ्याऐंशी हजार ब्याऐंशी रुपये, प्रत्यक्ष खर्च अकरा लाख एकोणीस हजार नऊशे एकोणसत्तर रुपये, आणि अडुसष्ट हजार एकशे तेरा रुपयांची बचत असे कोरलेले आहे. आजच्या ठेकेदारांनी ती पाटी जरूर पाहावी! त्याच पाटीवर स्टीव्हन्सच्या नावाबरोबर निवासी अभियंता म्हणून रावसाहेब सीताराम खंडेराव आणि कंत्राटदार म्हणून व्यंकू बाळाजी कालेवार यांची नावे आहेत. रस्त्यापलीकडच्या इमारतीत नकाशांमागे राहिलेला माणूस इथे धातूवर आला.

स्टीव्हन्सने दुसऱ्या रेल्वेचेही कार्यालय बांधले. चर्चगेटसमोरची बी.बी. अ‍ॅण्ड सी.आय. रेल्वेची इमारत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचे मुख्यालय. निळसर-करड्या दगडावर पोरबंदरच्या पांढऱ्या दगडाची कड. १८९९ मध्ये ती पुरी झाली आणि पुढच्याच वर्षी, १९०० च्या मार्चमध्ये, मलेरियाने स्टीव्हन्स वारला. शिवडीच्या दफनभूमीत त्याला पुरले. इमारतीला १९०५ मध्ये मोठी आग लागली. जळालेला भाग पुन्हा उभारला तो त्याचा मुलगा चार्ल्स स्टीव्हन्स याने. बाप गेला, इमारत अर्धी जळाली, आणि तरी ती पुन्हा तशी होऊ शकली. अशा वेळी नकाशांच्या गुंडाळ्यांचे मोल कळते.

आता पुन्हा बोरीबंदरला येऊ, कारण नकाशांचा प्रश्न तिथे आज अगदी निकडीचा आहे.

इमारत १८८८ मध्ये पुरी झाली म्हणजे तिथेच थांबली असे नाही. १९२५ च्या ३ फेब्रुवारीला इथून कुर्ल्याला विजेची पहिली गाडी सुटली. त्याबरोबर तारा आल्या, खांब आले. १९२९ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी स्टेशन वाढवले गेले. पुढे कारकून वाढले, तशी व्हरांड्यांत लाकडी पार्टिशने पडली, आतल्या अंगाला जोडखोल्या निघाल्या, शेवटी वातानुकूलित यंत्रांची खोकी भिंतीला टांगली गेली. स्वातंत्र्यानंतर घड्याळाखालच्या कोनाड्यातला राणीचा पुतळा काढला गेला. तो कुठे गेला याचा पत्ता लागलेला नाही. १९६९ मध्ये घुमटावरच्या प्रगतीच्या मूर्तीवर वीज कोसळली आणि तिचे तुकडे खाली आले. दुरुस्तीला पुन्हा जे. जे. स्कूल ऑफ आर्टच धावून आले. १९९६ मध्ये स्टेशनचे नाव बदलले, २००४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला, २०१७ मध्ये नावात ‘महाराज’ हा शब्द आला. दर टप्प्यावर कागद तयार झाला आणि आधीचा कागद थोडा खोटा पडला.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या स्टेशनाच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. त्याआधीच्या, २०२० सालच्या निविदा-कागदांत म्हटले होते की वारसा भाग १९३० च्या स्थितीला नेऊन ठेवायचा. नंतरची जोडकामे काढायची. ऐकायला छान वाटते. पण १९३० म्हणजे नेमके काय? तिथे १८८८ ची इमारत आहे, १९२५ ची वीज आहे आणि १९२९ चा वाढीव भागही आहे. आणि स्टीव्हन्सच्या मनातली इमारत हवी असेल, तर ती १८७८ च्या कागदावर आहे. त्या कागदावर व्हिक्टोरियाचे नाव नाही, विजेचा दिवा नाही, समोर महापालिकाही नाही.

माझे मत विचाराल तर १९३० ही तारीख वाईट नाही. राबत्या इमारतीला जन्मदिवसाच्या कपड्यांत परत बसवण्याचा हट्ट धरू नये. १९२९ चा भाग हाही आता शंभरीला टेकलेला आहे आणि त्याच्यावरून लाखो माणसे गावी गेली आणि परत आली. पण एकदा तारीख ठरली की मग पुढचे काम डोळ्यांच्या अंदाजाने करायचे नाही. कुठली भिंत १९३० च्या आधीची आणि कुठली नंतरची, हे नकाशाच्या रेघेने ठरवावे. घाईत एखादी भिंत ‘नंतरची’ म्हणून पाडली आणि मग कपाटातल्या ट्रेसिंग क्लॉथवर ती मूळची निघाली, तर ती परत उभी करता येणार नाही. उभी केली तरी ती नक्कलच.

त्यासाठी आधी कपाटे उघडायला हवीत. रेल्वेच्या कचेऱ्यांत जुने नकाशे रंगकाम, गळती, बदल्या, जागाबदल यांतून तग धरून राहतात ते बहुधा एखाद्या मुख्य ड्राफ्ट्समनच्या हट्टामुळे. तो निवृत्त होतो तेव्हा कुठल्या पेटीत काय आहे हे त्याच्याबरोबरच घरी जाते. गुंडाळ्या उलगडून, सपाट करून, त्यांची छायाचित्रे काढून, क्रमांक देऊन ठेवायला फार मोठा खर्च येत नाही. पुनर्विकासाच्या एकूण खर्चाच्या मानाने तर तो चिल्लर आहे. आणि तशी नोंद करताना प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली भिंग धरून पाहावे. तिथे बारीक अक्षरांत तारीख असते, प्रमाण असते, आणि ‘काढले’, ‘नक्कल केली’, ‘तपासले’ अशा तीन शब्दांपुढे तीन माणसांची आद्याक्षरे असतात. पगारपत्रकांशी ती ताडून पाहिली, तर त्यांतली काही नावे अजूनही पूर्ण वाचता येतील.